परक्या मुलांना त्यांचे मंडळ असू द्या

भिलाईतल्या पावर हाउसच्या जवाहर मार्केटमध्ये ज्याची पेढी दोन-तीन पिढ्या चालत आली आहे असा एखादा व्यापारी घ्या, नंदिनी रोडवर यंत्रांचे सुटे भाग विकणारा सरदारजी घ्या, कॅम्पमध्ये राहून कारखान्यात ठेक्यावर राबणारा तेलुगू किंवा ओडिया कामगार घ्या, अथवा भंडारा-गोंदियाकडून आलेला आणि आता घरात मराठी व दारात छत्तीसगढी बोलणारा आमच्यासारखा मनुष्य घ्या. १९५५ साली सोव्हिएत संघाशी पोलादाच्या कारखान्याचा करार झाला नसता, तर यांतले बहुतेक लोक या जागी दिसले नसते. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती, त्यामुळे मराठी माणसाचा पाय या मुलखाला त्याआधीच लागलेला होता हे खरे. तथापि भिलाई म्हणून जे शहर आज आपण ओळखतो ते मुख्यतः बाहेरून आलेल्यांनी वसवलेले आहे, आणि ही गोष्ट इथला रहिवासी अभिमानाने सांगतो.

या बाहेरून आलेल्यांनी पहिल्या पगारानंतर जी कामे केली त्यांत एक काम सर्वांनी सारखेच केले. बंगाल्यांनी कालीबाडी उभारली, मल्याळी मंडळींनी समाजम आणि अय्यप्पाचे मंदिर उभारले, शिखांनी गुरुद्वारा बांधला, तेलुगू लोकांनी आपली साहित्य समिती काढली, आणि मराठी लोकांनी, त्यांच्या स्वभावधर्मास अनुसरून, आधी गणपती बसवला, मग वर्गणीवरून वाद घातला आणि त्या वादातून मंडळाचे कार्यकारी मंडळ जन्मास घातले. या संस्थांचा दर्शनी भाग देवळाचा किंवा नाटकाचा असला, तरी त्यांचे खरे कार्य निराळे होते. नवीन आलेल्या मुलास खोली कोठे मिळेल, कोणत्या डॉक्टरला त्याची भाषा समजेल, भरतीचा अर्ज कोणाकडून भरून घ्यावा, अपघातात माणूस गेला तर गावी तार कोणी करायची आणि त्याच्या बायकोला फंडाची रक्कम मिळेपर्यंत दफ्तरात खेटे कोणी घालायचे, या सर्व प्रश्नांचे उत्तर मंडळ हेच होते. आणि या सत्तर वर्षांत कालीबाडीमुळे भिलाईचे ऐक्य भंगले किंवा केरळ समाजम हा फुटीरपणा आहे, असे म्हणणारा शहाणा माणूस आमच्या पाहण्यात नाही.

हे सर्व इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की ज्या गोष्टीचा आपण स्वतःसाठी इतका सहज स्वीकार केला, तीच गोष्ट आफ्रिकेतून शिकायला येणाऱ्या मुलांनी मागितली तर आपल्या कपाळास आठ्या पडतात. पावर हाउसच्या स्थानकावरून लोकल गाडीने निघाले की सुमारे ३० किलोमीटरवर रायपूर लागते. त्याच्या पलीकडे नवा रायपूर, आणि तेथील कलिंग विद्यापीठात आफ्रिकेतील अनेक देशांचे विद्यार्थी शिकतात. भारत सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर आलेली मुले देशभरच्या सरकारी संस्थांतूनही आहेत. अलीकडे कुटेलाभाटा येथे भिलाईच्या आयआयटीचे स्वतःचे आवार उभे राहिले आहे, नेवईला तंत्रविद्यापीठ आहे, दुर्गला विद्यापीठ आहे, आणि खासगी महाविद्यालयांच्या पाट्या तर जी. ई. रोडवर मोजता मोजता माणूस दमेल. या सर्वांना ‘आंतरराष्ट्रीय’ हे विशेषण हवे आहे. आणि ते विशेषण मिळवून देणारा विद्यार्थी युरोपातून येणार नाही, तो नायजेरिया, टांझानिया, झिंबाब्वे, सुदान या देशांतून येईल, हे त्या संस्थांच्या चालकांना पक्के ठाऊक आहे. देशात एकंदर परदेशी विद्यार्थी २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत सुमारे ४७ हजार भरले. भारताच्या आकारमानाच्या देशास ही संख्या अत्यल्प आहे, आणि ती वाढावी असे सरकारचे जाहीर धोरण आहे. ज्याला आपण आग्रहाने बोलावतो, तो आल्यावर राहतो कोठे, जेवतो काय आणि आजारी पडल्यास कोणाला हाक मारतो, याचा विचार बोलावणाऱ्याने आधी करावयास नको काय?

तो केला जात नाही. विद्यापीठाचा परदेश-विभाग हा बहुतेक ठिकाणी प्रवेशाचा विभाग असतो. शुल्क भरले, परवान्याची नक्कल घेतली, दाखला दिला, की त्याचे काम संपले. त्यानंतर मुलगा खोली शोधू लागतो. परदेशी भाडेकरू ठेवल्यास त्याची नोंद चोवीस तासांच्या आत परदेशी-नोंदणी अधिकाऱ्याकडे करण्याचे बंधन घरमालकावर असते. ते काम कठीण नाही, पण ज्याने पोलीस कचेरीची पायरी कधी चढलेली नाही त्या गृहस्थास ते संकटच वाटते. मग तो भाडे दीडपट सांगतो, किंवा खोली कालच गेली असे सांगतो. कोणी मांसाहाराचे कारण पुढे करतो, कोणी रात्री उशिरा येण्याचे. खरे कारण मुलाच्या कातडीत असते आणि ते दोघांनाही समजलेले असते. ज्या घरमालकाच्या वडिलांना याच पावर हाउसात आडनाव ऐकून खोली नाकारली गेली होती, तोही हे करताना चाचरत नाही, ही यातील विशेष खेदाची बाब.

आता कोणी म्हणेल, की हे सर्व परक्या देशात चालायचेच. परंतु आफ्रिकी मुले आपण होऊन आलेली नाहीत. त्यांना बोलावण्याची प्रथा आपणच घातली, आणि ती घालण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा होता. औंधच्या पंतप्रतिनिधींचे चिरंजीव आप्पासाहेब पंत १९४८ साली नैरोबीस भारताचे प्रतिनिधी म्हणून गेले. पूर्व आफ्रिका तेव्हा इंग्रजांच्या अमलाखाली होती, आणि तेथील हिंदी व्यापाऱ्यांच्या हिताकडे लक्ष पुरवावे एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. पंतांनी आफ्रिकी पुढाऱ्यांशी स्नेह जोडला, जोमो केन्याटा यांच्यासारख्यांना आपल्या घरी जागा दिली, आणि भारतीय विद्यापीठांत आफ्रिकी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळाव्यात यासाठी दिल्लीत सतत लकडा लावला. इंग्रज सरकारला हा मनुष्य इतका खुपू लागला, की १९५४ साली त्यांना तेथून परतावे लागले. पुढे मलावीचे राष्ट्राध्यक्ष झालेले बिंगू वा मुथारिका दिल्लीत शिकले. नायजेरियाचे ओबासांजो यांनी लष्करी शिक्षणाचा काही भाग पुण्यात घेतला. म्हणजे, या देशातील खोल्यांत दिवस काढलेली माणसे पुढे आपापल्या देशांचे कारभारी होतात, आणि जाताना आपल्याविषयी काय मत घेऊन गेली हे आपल्याला कोणी कळवत नाही. त्याहीपूर्वीचे सांगायचे तर, ज्या मलिक अंबराने दख्खनची जमाबंदी बसवली, खडकीचे शहर वसवले आणि १६२४ साली भातवडीच्या लढाईत मोगलांना पाणी पाजले, तो हबशी होता, व त्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले होते. मराठी मुलखाने आफ्रिकी माणसाचा हुकूम मानलेला आहे. त्याला भाड्याने खोली देणे त्या मानाने फारच थोडे.

शिष्यवृत्ती देणे आणि घर देणे या दोन गोष्टी एकमेकींपासून किती दूर असतात, याचा मराठी माणसाला ठाऊक असलेला सर्वांत दारुण दाखला बडोद्याचा आहे. सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला गेले, आणि कराराप्रमाणे संस्थानची नोकरी करण्यासाठी १९१७ साली बडोद्यास आले. नोकरी तयार होती. राहण्यास जागा मिळेना. हिंदू खानावळीत प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून खोली घेतली, आणि दिवसभर कचेरीत काम करून रात्री त्या ओसाड इमारतीत एकट्याने वाचीत बसावे असा क्रम ठेवला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. खोली सोडावी लागली. एका हिंदू स्नेह्याकडे विचारले, त्याने नोकरांची अडचण सांगितली. एका ख्रिस्ती स्नेह्याने पत्नीस विचारून कळवतो म्हटले. गाडीची वेळ होईपर्यंत बडोद्याच्या सार्वजनिक बागेत बसून, कोलंबियाची पदवी घेतलेला हा तरुण रात्रीच्या गाडीने मुंबईस परत गेला. सयाजीरावांच्या औदार्यात काही न्यून होते असे म्हणता येणार नाही. परंतु महाराजांचे औदार्य राजवाड्यातून निघून शहरातील एका खोलीच्या दारापर्यंत पोहोचू शकले नाही, कारण त्या दोन टोकांच्या मध्ये, ज्याच्याकडे या तरुणाने जावे आणि ज्याने त्याच्यासाठी भांडावे, अशी एकही संस्था उभी नव्हती. आंबेडकरांनी पुढील आयुष्यात काय केले ते पाहिले की या अनुभवाचा निष्कर्ष त्यांनी काय काढला ते समजते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, आणि लगेच पुढल्या वर्षी सोलापुरास त्या सभेचे वसतिगृह सुरू झाले. सिद्धार्थ आणि मिलिंद ही महाविद्यालये वीस-पंचवीस वर्षांनी आली. वसतिगृह आधी आले.

या निष्कर्षापर्यंत पोहोचलेले ते एकटे नव्हते. लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांना बिऱ्हाडे मिळत नसत, तेव्हा श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ साली हायगेट भागात इंडिया हाउस उघडले. आपण ते सावरकरांमुळे व सेनापती बापटांमुळे क्रांतिकारकांचे ठाणे म्हणून स्मरतो, आणि ते यथार्थ आहे. पण त्या इमारतीचा मूळ धंदा विद्यार्थ्यांना राहायला जागा देण्याचा होता, हे मात्र आपण विसरतो. वीस वर्षांनी त्याच लंडनमध्ये लाडिपो सोलांके या नायजेरियन विद्यार्थ्याने व त्याच्या सोबत्यांनी पश्चिम आफ्रिकी विद्यार्थी संघ स्थापन केला. गोऱ्या घरमालकिणी काळ्या मुलांना दार उघडीत नसत, तेव्हा सोलांके यांनी पश्चिम आफ्रिकेत तीन वर्षे हिंडून वर्गणी गोळा केली आणि १९३३ साली कॅम्डन रोडवर संघाचे वसतिगृह सुरू केले. घानाचे एन्क्रुमा हे पुढे याच संघाचे कार्यकर्ते होते. पण या कथेतील जो भाग भिलाईच्या वाचकाने विशेष ध्यानात ठेवावा असे मला वाटते, तो त्यापुढचा आहे. संघाचे वसतिगृह सुरू झाल्याबरोबर ब्रिटिश वसाहत-खात्याला आफ्रिकी विद्यार्थ्यांविषयी एकाएकी ममता उत्पन्न झाली, आणि १९३४ साली अॅग्री हाउस नावाचे दुसरे, अधिक सुखसोयींचे वसतिगृह सरकारी प्रेरणेने उघडण्यात आले. संघाने त्याच्यावर बहिष्कार घातला. खोल्या चांगल्या, जेवण चांगले, मग बहिष्कार कशासाठी, असा प्रश्न तेव्हाही अनेक सभ्य इंग्रजांना पडला होता. त्याचे उत्तर असे, की ज्या घराच्या किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला असतात त्या घरात राहणारा, कितीही सुखात असला तरी, पाहुणाच राहतो.

पाहुणचार आणि मंडळ यांत हा जो भेद आहे, तोच या लेखाचा विषय आहे. भिलाईला पाहुणचार करता येत नाही असे कोणी म्हणू नये. सोव्हिएत तज्ज्ञ आपल्या बायकामुलांसह इथे राहावयास आले, तेव्हा त्यांच्यासाठी घरे राखून ठेवली गेली, दुभाषे नेमले गेले, त्यांच्या सणांना आपले अधिकारी हजर राहू लागले, आणि १९५९ च्या फेब्रुवारीत पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केले त्या सुमारास रशियन शब्द या गावच्या कामगारांच्या तोंडी रुळले होते. मैत्रीबाग त्या स्नेहाचीच निशाणी म्हणून उभी आहे. हे सर्व गोड होते, मात्र त्यामागे दोन सरकारांचा करार होता आणि पाहुण्यांचा वर्ण गोरा होता. झिंबाब्वेहून आलेल्या विद्यार्थ्यामागे असा कोणताही करार नाही. त्याचा बाप शेत विकून किंवा कर्ज काढून शुल्क भरतो. त्याच्या देशाचा राजदूत दिल्लीत बसतो आणि छत्तीसगढ नकाशावर कोठे आहे हे त्या वकिलातीस बहुधा माहीत नसते. ज्याला सरकारचे पाठबळ नाही त्याला संघटनेचे पाठबळ लागते. आपल्या देशातल्या मजुराला हे शिकवण्याची गरज पडत नाही, आणि पावर हाउसमध्ये तर नाहीच नाही.

पुण्याने या बाबतीत काय केले हे पाहण्यासारखे आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. शां. ब. मुजुमदार वसतिगृहाचे रेक्टरही होते. मुलांच्या वसतिगृहातल्या एका खोलीशी एक मुलगी येते आणि खिडकीतून काहीतरी देते, हे त्यांच्या दृष्टीस पडले. रेक्टरच्या मनात जे यायचे तेच आले. चौकशीअंती असे निघाले, की आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी पडला होता, वसतिगृहाचे अन्न त्याला चालत नव्हते, आणि त्याच देशाची ती मुलगी त्याला जेवण आणून देत होती. दुसरा कोणी असता तर त्याने नियमभंगाची नोंद करून हा विषय मिटवला असता. मुजुमदारांनी त्यावरून १९७१ साली सिंबायोसिस ही संस्था परदेशी विद्यार्थ्यांसाठी सुरू केली. तिचे पुढे किती मोठे विद्यापीठ झाले ते सर्वांस ठाऊक आहे. आफ्रिका व आशिया यांच्या संस्कृतीचे एक संग्रहालय या संस्थेने उभारले, आणि माईसाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वापरातील वस्तूंचे स्मारक-संग्रहालयही तिच्याच आवारात १९९६ साली उघडले. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये राहिलेल्या सेनापती बापटांचे नाव दिलेल्या रस्त्यावर ही संस्था आहे, हा योगायोगही नमूद करण्यासारखा आहे.

मुजुमदारांच्या या कार्यापुढे आमचे मस्तक नम्र आहे. तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजारी मुलाला जेवण आणून देण्याचे काम प्राध्यापकांच्या कळण्याआधी त्या मुलीने चालवले होते. खरी संस्था तिथे सुरू झालेली होती. तिला फक्त खोली नव्हती, पैसा नव्हता, आणि दाराने आत जाण्याची परवानगी नव्हती. सहृदय रेक्टर शतकात एखादा निपजतो. ती मुलगी मात्र प्रत्येक वसतिगृहात असते. विद्यापीठाची योजना पहिल्याच्या आशेवर आखली जाऊ नये, दुसरीच्या आधारावर आखली जावी, एवढेच आमचे म्हणणे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: वर्णाच्या किंवा देशाच्या नावाने मंडळे निघाली तर विद्यार्थ्यांत भेद वाढेल. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को स्टेट या महाविद्यालयात १९६६ साली काळ्या विद्यार्थ्यांनी आपली स्वतंत्र संघटना काढली, तेव्हा तेथेही हेच म्हटले गेले. दोन वर्षांनी, १९६८ च्या नोव्हेंबरात, त्या संघटनेने इतर अल्पसंख्य विद्यार्थ्यांच्या साथीने संप पुकारला, तो पुढील मार्चपर्यंत चालला, पोलिसांच्या लाठ्या चालल्या, शेकडो मुले अटकेत गेली. आणि शेवटी ज्या समाजांचा इतिहास विद्यापीठात कोणी शिकवीत नव्हते तो शिकवण्यासाठी तेथे एक स्वतंत्र विद्याशाखा निघाली. आज अमेरिकेतील कितीतरी विद्यापीठांत काळ्या विद्यार्थ्यांसाठी खोल्या, सल्लागार आणि निधी असलेल्या संस्था आहेत. तेथील राजकारणाचा वारा फिरला की त्यांच्यावर कुऱ्हाड येते, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचतो, आणि ज्या गोष्टीवर कुऱ्हाड येते ती बहुधा उपयोगाची असते. भेद संघटनेने निर्माण होतो असे मानणाऱ्याने एवढेच सांगावे, की संघटना नसताना भेद का होता.

आणि आपल्याकडे तर संघटना नसण्याची किंमत रक्ताने मोजली गेली आहे. २०१६ च्या जानेवारीअखेर बंगळुरात दुसऱ्याच कोणा सुदानी माणसाच्या मोटारीने अपघात केला म्हणून जमावाने टांझानियाच्या विद्यार्थिनीवर हल्ला केला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दिल्लीत रिक्षाच्या वादातून काँगोच्या एका तरुणाचा जीव घेतला गेला. २०१७ च्या मार्चमध्ये ग्रेटर नोएडात एका स्थानिक मुलाच्या मृत्यूनंतर अफवा पसरली, आणि बाजारात सापडलेल्या नायजेरियन विद्यार्थ्यांना खुर्च्यांनी व कचऱ्याच्या डब्यांनी मारण्यात आले. त्या दिवसांत आफ्रिकी मुलांना घराबाहेर पडू नका असे बजावणारी सूचना काढली ती भारतातील आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या संघटनेने. आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी एकत्र येऊन या हल्ल्यांना वंशद्वेषी म्हटले, तेव्हा आपले सरकार दुखावले गेले. मार खाल्लेल्या मुलांच्या विद्यापीठांना कोणी जाब विचारल्याचे मात्र ऐकिवात नाही. परदेशी विद्यार्थ्याने गुन्हा केला तर कायद्याने त्याला शासन व्हावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु एकाच्या गुन्ह्याबद्दल त्याच्या रंगाच्या सर्वांची झडती घेण्याची रीत ज्या गावात पडते, त्या गावातल्या मुलांना रात्री दोन वाजता दूरध्वनी करण्यासाठी एक ठिकाण हवे, आणि ते ठिकाण पोलीस चौकी असू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो करणाऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे. छत्तीसगढच्या महाविद्यालयांत बस्तरची गोंड मुलगी, सतनामी शेतमजुराचा मुलगा, कॅम्पमधल्या बौद्ध कामगाराचा मुलगा ही मुले आपल्याच देशात परकी होऊन बसतात. त्यांची व्यवस्था आधी करा, मग आफ्रिकेकडे वळा, असे ते म्हणतात. वस्तुस्थिती त्यांच्या बाजूने आहे. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ साली दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कसे वागवले जाते याचे जे चित्र सरकारपुढे ठेवले, ते वाचताना मान खाली जाते. २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असा नियम केला. त्यानंतर चार वर्षांनी हैदराबादला रोहित वेमुला या विद्यार्थ्याने प्राण दिला, आणि सात वर्षांनी, मे २०१९ मध्ये, जळगावकडची तडवी समाजातली डॉक्टर पायल हिने मुंबईत प्राण दिला. त्या दोघांच्या माता सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि त्यांनी विचारले ते हेच, की नियम होते तर ते पाळले का गेले नाहीत.

पण मग निष्कर्ष काय काढायचा? कागदावरचा कक्ष ज्या कारणाने पायलच्या उपयोगी पडला नाही, त्याच कारणाने तो टांझानियाच्या मुलीच्याही उपयोगी पडणार नाही. त्या कक्षात ज्यांच्यासाठी तो निघाला त्यांचा माणूस नसतो. एकाला न्याय मिळाला म्हणजे दुसऱ्याचा कमी होतो, असा हा हिशेब नाही, आणि आपल्या पूर्वजांनी तो तसा मांडलेलाही नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. १९४६ च्या जुलैत, घटना समितीच्या धामधुमीत, आंबेडकरांनी अमेरिकेतील काळ्या समाजाचे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून, त्या समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे पाठवलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. अस्पृश्यांनाही तोच मार्ग अवलंबिता येईल काय, हा त्यांचा विचार होता. डू बॉइस यांनी उत्तर त्याच महिन्यात लिहिले. दलित विद्यार्थ्यांच्या संघटनेने आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या मंडळास शेजारची खोली देण्यात या परंपरेचा भंग होत नाही.

तेव्हा दुर्ग-भिलाईच्या संस्थांनी काय करावे? फार मोठे काही नको. जिथे आफ्रिकी विद्यार्थी आहेत किंवा ज्यांना आणण्याची जाहिरात चालू आहे, तिथे त्यांचे मंडळ विद्यापीठाच्या दफ्तरी रीतसर नोंदले जावे, त्याचे पदाधिकारी त्या मुलांनी निवडावेत, कुलसचिवांनी नेमू नयेत. त्याला एक खोली मिळावी, आणि त्या खोलीला चूल असावी, कारण उगाली किंवा फुफू शिजवल्याचा वास वसतिगृहाच्या खाणावळीला सोसत नाही आणि परदेशात आजारी पडलेल्याला प्रथम आठवते ते घरचे अन्न. परदेशी विद्यार्थ्याकडून जे शुल्क घेतले जाते त्याचा ठरावीक अंश या मंडळाच्या स्वाधीन असावा, आणि हिशेब मंडळाने द्यावा. देणगी म्हणून दिलेला पैसा दुसऱ्या वर्षी आटतो, शुल्कातला हिस्सा आटत नाही. जिल्हा पोलिसांकडे नोंदणीची व मुदतवाढीची कामे असतात, त्यासाठी एका अधिकाऱ्याचे नाव ठरलेले असावे व मंडळाचा प्रतिनिधी त्याच्याशी थेट बोलू शकावा. समान संधी कक्षावर या मंडळाचा एक सभासद मताधिकारासह असावा. आणि जी संस्था एवढे करण्यास तयार नसेल, तिला परदेशी विद्यार्थी घेण्याची मुभा देऊ नये. कारण शुल्क घेऊन मुलाला बाजारात सोडून देणे याला शिक्षण म्हणत नाहीत, त्याला दलाली म्हणतात.

उरले आपण, म्हणजे या गावचे रहिवासी. कॅम्प, सुपेला, कोहका, जुनवानी या भागांत ज्यांच्या खोल्या भाड्याने जातात त्यांनी नोंदणीच्या कागदाला भिऊ नये आणि दीडपट भाडे मागू नये. मराठी मंडळींना एक वेगळी विनंती आहे. पुढल्या गणेशोत्सवात आफ्रिकी मुलांना ढोलाच्या तालावर नाचवून त्यांची छायाचित्रे छापू नका. त्यांच्या मंडळाला एक संध्याकाळ द्या, व्यासपीठ त्यांच्या स्वाधीन करा, आणि कार्यक्रम काय करायचा हे त्यांना ठरवू द्या. त्या संध्याकाळी कोणाला खोली हवी असल्याचे समजले, तर आपल्या ओळखीच्या घरमालकाकडे त्याला घेऊन स्वतः जा.